गप्प बसलेला पोपट शांत असतोच असे नाही

हालअपेष्टांतून सोडवून आणलेला पोपट नव्या घरात पहिले काही दिवस बहुधा पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात, पिसे अंगाशी घट्ट आवळून, जवळजवळ निश्चल बसून राहतो. तो चावत नाही, ओरडत नाही, हात पुढे केला तरी हलत नाही, त्यामुळे 'पक्षी फारच गरीब स्वभावाचा आहे' असा समज चटकन होतो. प्रत्यक्षात तो घाबरून थिजलेला असतो. पोपट हा शिकार होणारा पक्षी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते, आणि धोका टाळण्यासाठी उडून जाण्याची वाट बंद असेल तर निपचित बसणे एवढेच त्याच्या हाती उरते. या काळात त्याच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण वाढते, आणि ते दीर्घकाळ वाढलेले राहिले तर रोगप्रतिकारशक्ती खालावते. त्यामुळे त्याची भीती उतरवणे हा त्याच्या प्रकृतीचाही प्रश्न ठरतो.

घरी आणल्यावर लवकरात लवकर पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडून त्याची तपासणी करून घ्यावी. दुबळा दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत प्रथम भरतो, म्हणून पोपट आजार शक्य तितका लपवतो आणि लक्षणे दिसू लागेपर्यंत दुखणे बरेच पुढे गेलेले असते. यावर एक साधा उपाय म्हणजे ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा. रोज सकाळी खाण्याआधी वजन करून ते लिहून ठेवावे. सुमारे 400 ग्रॅमच्या आफ्रिकन ग्रे पोपटाचे वजन 40 ग्रॅमने, म्हणजे 10 टक्क्यांनी घटले, तर पिसांच्या आवरणाखाली ते नजरेला कळत नाही. काट्यावर मात्र कळते. अर्थात, घाबरलेल्या पक्ष्याला काट्यासाठी रोज पकडू नये. काट्यावरच एक दांडी बसवली आणि तिच्याशी ओळख होऊ दिली, तर तो पुढे आपणहून तिच्यावर येतो.

तपासणीत क्लॅमिडिया सिटासी या जिवाणूचा विचार झालाच पाहिजे, कारण वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून तो माणसालाही फुप्फुसांचा आजार देऊ शकतो. बाहेरून निरोगी दिसणारा पक्षीही या जिवाणूचा वाहक असू शकतो, आणि ताण आला की तो अधिक प्रमाणात बाहेर टाकला जातो. म्हणजे घरबदलाचा काळ नेमका जोखमीचा. पिंजऱ्याचा तळ कोरडा झाडण्याऐवजी ओला करून पुसावा. घरात आधीपासून दुसरे पक्षी असतील तर नव्याला निदान 30 ते 45 दिवस वेगळ्या खोलीत ठेवावे.

पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लागून असावी, म्हणजे चारही दिशांवर पहारा ठेवण्याचे त्याचे काम कमी होते. स्वयंपाकघर मात्र कटाक्षाने टाळावे. पक्ष्यांच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते आणि फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्यांमुळे, म्हणजे वायुकोशांमुळे, श्वास घेताना व सोडतानाही प्राणवायू शोषला जातो. उड्डाणासाठी उत्तम असलेली हीच रचना विषारी वायूही तितक्याच तत्परतेने रक्तात पोहोचवते. जास्त तापलेल्या नॉनस्टिक भांड्यावरील पीटीएफई या लेपाचा धूर पोपटाचा काही मिनिटांत जीव घेऊ शकतो. रात्री 10 ते 12 तासांचा अंधार आणि शांतता मिळाली पाहिजे, आणि बसण्याच्या दांड्या वेगवेगळ्या जाडीच्या असाव्यात, कारण एकाच जाडीच्या गुळगुळीत दांडीवर तळपायाच्या ठरावीक भागावर दाब येऊन जखमा होतात.

आता विश्वासाचा मुद्दा. माझ्या मते येथे सर्वांत जास्त नुकसान प्रेमळ माणसांच्या घाईमुळे होते. 'हाताची सवय लावण्यासाठी' पक्ष्याला बळेच धरून ठेवले तर तो काही वेळाने धडपड थांबवतो; पण ती सवय नसून हतबलता असते. त्याऐवजी तो निर्धास्तपणे खात राहील इतक्या अंतरावर बसावे, आणि त्याचे खाणे थांबले की आपण तेवढे मागे सरकावे. पुढचे अंतर ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे राहिला, की आपली हालचाल परिणामकारक ठरते हे त्याच्या लक्षात येते आणि चावण्याची गरज उरत नाही. पोपट त्याच्या डोळ्यांतून बरेच काही सांगतो: बाहुली भराभर लहानमोठी होत असेल तर तो उत्तेजित आहे, मग ते आनंदाने असो वा रागाने, आणि त्याच वेळी शेपटी पसरून मानेवरची पिसे उभारली असतील तर हात मागे घ्यावा. याउलट एका पायावर बसून, पिसे किंचित सैल सोडून, चोचीचे दोन्ही भाग एकमेकांवर घासल्याचा बारीक करकर आवाज येऊ लागला, तर तो निवांत झोपेच्या तयारीत आहे असे समजावे.

केवळ बियांवर वाढलेल्या पोपटांत अ जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. तिच्यामुळे नाक व तोंडाचे अस्तर जाड होऊन संसर्ग वाढतात. तरीही आहार एका दिवसात बदलू नये. अनोळखी पदार्थ खाण्याचा आहे हेच अशा पक्ष्याच्या लक्षात येत नाही आणि भरलेल्या वाटीसमोर तो उपाशी राहू शकतो; भाज्या व पोपटांसाठीच्या तयार खाद्यगोळ्या वजनावर लक्ष ठेवून हळूहळू वाढवाव्यात. अ‍ॅव्होकॅडो मात्र कधीच देऊ नये, ते पोपटाला विषारी आहे.

स्वतःची पिसे उपटणे ही सुटका झालेल्या पोपटांची नेहमीची तक्रार. त्वचारोग व अन्य आजार वगळल्यानंतर उरणारे एक मोठे कारण म्हणजे रिकामपण. नैसर्गिक अधिवासात दिवसाचा मोठा भाग अन्न शोधण्यात जातो. वाटीतले अन्न थोड्याच वेळात संपते. अ‍ॅमेझॉन पोपटांवरील 2003 मधील एका अभ्यासात अन्न शोधून, सोलून, ओढून काढण्याची सोय आणि चढण्याखेळण्याच्या वस्तू पुरवल्यावर पिसे उपटण्याचे प्रमाण घटले. एकटेपणाही शरीरावर खूण सोडतो: 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात एकट्या ठेवलेल्या आफ्रिकन ग्रे पोपटांच्या गुणसूत्रांची टोके जोडीने राहणाऱ्यांपेक्षा आखूड आढळली; टोके अशी आखूड होणे ही ताणाची आणि पेशी लवकर म्हाताऱ्या होण्याची खूण मानली जाते. कागदात गुंडाळलेला बदाम किंवा चघळून फोडण्यासारखे मऊ लाकूड दिले, की चोचीला काम मिळते. पिसांची मुळे मात्र वर्षानुवर्षांच्या उपटण्याने कायमची निकामी झाली असतील तर पक्षी आनंदी झाल्यावरही त्याची छाती उघडीच राहते, म्हणून सुधारणा मोजताना पिसांपेक्षा त्याचे वजन, खाणे आणि झोप यांकडे पाहावे.