पाण्यातल्या पानाची कार्बनटंचाई

उन्हाळा जवळ आला की पवना, इंद्रायणी आणि मुळा-मुठेच्या पात्रांवर पसरलेल्या जलपर्णीची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येऊ लागतात. नदीत सोडलेल्या सांडपाण्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरस हे या वनस्पतीचे खत आहे, असे स्पष्टीकरणही त्यांच्यासोबत येते, आणि ते बरोबर आहे. मात्र घरी प्लांटेड टँक, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेली माशांची टाकी, ठेवणारे अनेक हौशी लोक हेच स्पष्टीकरण जसेच्या तसे आपल्या टाकीला लावतात. काचेवर हिरवे ठिपके किंवा पानांच्या कडांवर काळे केस दिसू लागले की ते खत बंद करतात आणि फॉस्फेट शोषणाऱ्या पिशव्या फिल्टरमध्ये भरतात. एवढे करूनही शेवाळ हटत नाही. उलट झाडेच पिवळी पडू लागतात.

फॉस्फरसविषयीचा धाक निराधार नाही. १९७३ साली कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२६ क्रमांकाचे सरोवर मधोमध पडदा लावून दुभागले आणि दोन्ही भागांत साखरेच्या रूपात कार्बन व नायट्रेटच्या रूपात नायट्रोजन घातला; एका भागात मात्र त्यांच्या जोडीला फॉस्फरसही घातला. तेवढाच भाग हिरवागार झाला. धुण्याच्या पावडरींमधील फॉस्फेटवर निर्बंध आणण्याच्या लढ्याला या प्रयोगाने मोठे बळ दिले. पण त्या प्रयोगाचा प्रश्न मोकळ्या पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शेवाळाचा होता. घरच्या टाकीत शेवाळासमोर मुळे धरलेल्या वनस्पतींचा प्रतिस्पर्धी उभा असतो, आणि तो प्रतिस्पर्धी बहुतेक वेळा खतावाचून नव्हे, तर कार्बनवाचून उपाशी असतो.

भोवतालच्या हवेशी समतोल साधलेल्या २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात दर लिटरला जेमतेम ०.६ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. एक लिटर हवेतही हा वायू साधारण तेवढाच असतो, त्यामुळे खरी अडचण त्याच्या प्रमाणात नसून त्याच्या वेगात आहे. पाण्यात या वायूचे विसरण हवेतल्यापेक्षा सुमारे आठ ते दहा हजार पटींनी मंद होते. त्यात भर म्हणजे कोणत्याही पृष्ठभागाला लगटून पाण्याचा एक पातळ थर जवळजवळ स्थिर राहतो. त्याला सीमास्तर म्हणतात, आणि संथ पाण्यात पानावरच्या या थराची जाडी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते. या थराच्या आत प्रवाहाची मदत मिळत नाही. रेणूने आपल्या स्वैर धडपडीनेच पानापर्यंत पोहोचायचे असते.

या धडपडीचे गणित असे आहे की अंतर दुप्पट झाले तर लागणारा वेळ चौपट होतो. अर्धा मिलिमीटर पार करण्यास पाण्यातील रेणूला सरासरीने एक मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागतो, तर तेवढेच अंतर तो हवेत सेकंदाच्या शंभराव्या भागात कापतो. शेवाळाच्या एकट्या पेशीची त्रिज्या पाच मायक्रोमीटर धरली, तर तिच्याभोवतीचा स्थिर थरही साधारण तेवढ्याच जाडीचा असतो. म्हणजे अंतर शंभर पटींनी कमी झाले, आणि वर्गाच्या नियमाने वेळ दहा हजार पटींनी कमी झाला. पाण्याने पानाचे जे नुकसान केले, ते शेवाळाने केवळ लहान राहून जवळजवळ पूर्ण भरून काढले, हा हिशेब मला आजही विलक्षण वाटतो.

शेवाळाकडे आणखी एक साधन आहे. कार्बन पकडणारे रुबिस्को हे विकर मुळात संथ असून ते कार्बन डायऑक्साइडच्या जागी ऑक्सिजनही पकडते. भर प्रकाशातल्या टाकीत दुपारपर्यंत ऑक्सिजन वाढलेला आणि कार्बन डायऑक्साइड घटलेला असतो, त्यामुळे ही चूक आणखी वाढते. सायनोबॅक्टेरिया, म्हणजे नील-हरित शेवाळ, व बहुतेक हिरवी शेवाळे रुबिस्को पेशीतील एका लहान कप्प्यात कोंडतात आणि तेथे कार्बन डायऑक्साइड साचवून ही चूक टाळतात. बहुतेक पाणवनस्पतींच्या पानांत असा कप्पा नसतो.

जलपर्णीची गोष्ट येथेच वेगळी होते. तिची पाने पाण्याबाहेर असल्यामुळे तिला कार्बन थेट हवेतून मिळतो, आणि म्हणून तिच्या वाढीचा लगाम नायट्रोजन व फॉस्फरसच्या हाती राहतो. बुडालेल्या वनस्पतीच्या बाबतीत हा लगाम बहुधा कार्बनच्या हाती असतो.

निसर्गाने यावर काही वाटा काढल्या आहेत. चंचुपात्रातील हायड्रिलावर उलटे नरसाळे ठेवून वरच्या परीक्षानळीत ऑक्सिजन गोळा करण्याचा प्रयोग अनेकांना शाळेपासून आठवत असेल. त्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा का घालतात, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. पाण्याचा सामू ८.३ च्या आसपास असेल, तर कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूमागे बायकार्बोनेटचे जवळजवळ शंभर आयन असतात. हायड्रिला पानाच्या खालच्या पृष्ठभागावर हायड्रोजन आयन सोडून तेथील पाणी आम्लधर्मी करते, बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड मोकळा करून घेते आणि त्याचा मोबदला म्हणून वरच्या पृष्ठभागावरचे पाणी तीव्र अल्कधर्मी होते. अशा वनस्पतींच्या पानांवर दिसणारी पांढरट खरखरीत पुटे या अल्कधर्मी बाजूवर बसलेल्या कॅल्शियम कार्बोनेटची असतात. शिवाय कार्बनची टंचाई वाढली की हायड्रिला ज्वारी, मका आणि उसाप्रमाणे सी-४ पद्धतीचे, म्हणजे कार्बन आधी पकडून मग रुबिस्कोपाशी साचवणारे, प्रकाशसंश्लेषण सुरू करते. उसात या कामाची विभागणी दोन प्रकारच्या पेशींमध्ये झालेली असते, तर हायड्रिला ते एकाच पेशीत उरकते.

मात्र तपासल्या गेलेल्या बुडीत वनस्पतींपैकी साधारण निम्म्या जातींनाच बायकार्बोनेट वापरता येते, आणि मॉस (टाकीत लावतात ती बारीक पानांची वनस्पती, शेवाळ नव्हे) तर जवळजवळ सर्वस्वी विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडवर अवलंबून असते. दख्खनच्या बेसॉल्टमधून येणाऱ्या बोअरवेलच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असते. अशा पाण्यात बायकार्बोनेट वापरू शकणारी वॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती जोमाने वाढते, सामू चढवत नेते आणि शेजारच्या मॉसला उपाशी ठेवते. पाणी तेच, खत तेच, तरी एक झाड माजते आणि दुसरे शेवाळाखाली झाकले जाते, याचे कारण दुकानदाराच्या 'हाताच्या गुणात' शोधू नये.

या साऱ्यात प्रकाशाची भूमिका मागणी ठरवण्याची आहे. दिवा जितका प्रखर, तितकी कार्बनची भूक मोठी. ती भागली नाही की पान अशक्त होते, कुजू लागते, अमोनियम सोडते आणि शेवाळाला बसायला जागा देते. म्हणून दिवा बारा तासांवरून सहा-सात तासांवर आणणे आणि प्रखर असल्यास मंद करणे हा पहिला उपाय आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. वास्तुशास्त्राच्या सल्ल्याने टाकी ईशान्येच्या खिडकीत ठेवणाऱ्यांच्या घरी सकाळचे कोवळे ऊन काचेवर हिरवा थर चढवते. टाकीतला मासा घरावरचे संकट अंगावर घेऊन मरतो, हा समजही खरा नाही. मासा बहुधा अमोनियाने मेलेला असतो.

दुसरा उपाय प्रवाहाचा आहे. फिल्टरचे पाणी सर्व पाने हलकेच डुलतील असे फिरवले, तर सीमास्तर पातळ होतो, आणि वर सांगितलेल्या वर्गाच्या नियमामुळे थर निम्मा झाला तरी प्रवासाचा वेळ पाव होतो. तिसरा उपाय सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडण्याचा. हौशी लोक दर लिटरला २० ते ३० मिलिग्रॅमचे लक्ष्य ठेवतात. ३० मिलिग्रॅम म्हणजे समतोलाच्या पन्नासपट. दिवा लागण्यापूर्वी एक-दोन तास वायू सुरू करावा, रात्री बंद ठेवावा, आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर तो तत्काळ बंद करून पाण्याचा पृष्ठभाग ढवळावा. प्रमाण रोज सारखे राहणे महत्त्वाचे आहे, कारण टंचाईशी जुळवून घेण्यासाठी वनस्पतीला आपली विकरे नव्याने घडवावी लागतात आणि त्याला दिवस लागतात, तर शेवाळाला तास पुरतात.

बाजारात 'द्रवरूप कार्बन' म्हणून मिळणाऱ्या अनेक बाटल्यांत ग्लुटाराल्डिहाइड असते. रुग्णालयांत उपकरणे निर्जंतुक करण्यासाठी वापरले जाणारे हे रसायन शेवाळ मारते, यात शंका नाही, परंतु त्याला झाडाचे अन्न म्हणणे ही जाहिरातीची करामत आहे. मात्रा थोडी जास्त झाली की वॅलिस्नेरियाही विरघळून जाते.

नव्या टाकीचे पहिले काही आठवडे या सर्व हिशेबाला अपवाद असतात. रोपवाटिकांत पाणवनस्पती बहुधा दमट हवेत, पाण्याबाहेर वाढवतात. सह्याद्रीच्या नद्या-ओढ्यांत सापडणाऱ्या क्रिप्टोकोरिनसारख्या वनस्पती पाणी चढते-उतरते तशी हवेतली आणि पाण्यातली अशी दोन प्रकारची पाने काढतात, आणि दुकानातून आणलेले रोप आपली हवेतली पाने गाळून पाण्यातली नवी पाने फोडते. या काळात पाने सडतात आणि काचेवर डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळांचा तपकिरी लेप बसतो. सडकी पाने कात्रीने काढावीत, दर आठवड्याला निम्मे पाणी बदलावे आणि गड्डे उपटून फेकू नयेत. नवी पाने त्यांतूनच येतात, आणि तपकिरी लेप पुढे बहुधा आपोआप ओसरतो.