तळ्याला आटू द्यायला हवं

आमच्या गावच्या तळ्याचं सुशोभीकरण मंजूर झालंय. चारी बाजूंनी दगडी भिंत, आत बारमाही एकच पातळी. तळं आटलं की कोणी देवाचा कोप म्हणतं, कोणी प्रशासनाचं अपयश. पण तुडुंब तळंच निरोगी असतं, हा समजच चुकीचा आहे. कॅनडातल्या मॅनिटोबा सरोवरावर हे फार स्पष्ट दिसतं.

हिमयुगाच्या अखेरीस बर्फ वितळून ॲगासी नावाचं अफाट सरोवर तयार झालं होतं. मॅनिटोबा सरोवर हा त्याचाच उरलेला तुकडा. त्याच्या दक्षिण काठाला, वाळूच्या लांबलचक बांधामागे, डेल्टा मार्श ही पाणथळ आहे. 1982 पासून ती रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, आहे.

पूर्वी इथलं पाणी ओल्या-कोरड्या वर्षांनुसार सुमारे दोन मीटर खाली-वर व्हायचं. खरी किमया त्या ओसरण्यात होती. पाणकणीस ही उथळ पाण्यात वाढणारी उंच, गवतासारखी वनस्पती. तिचं बी गाळात वर्षानुवर्षं निजून राहतं. पाणी हटलं, चिखलाला ऊन-वारा लागला, की ते भराभर उगवतं. मग पाणी परत चढतं. पाणकणसाचं पान आडवं कापून पाहा, आत हवेचे कप्पेच कप्पे दिसतील. त्यांतूनच बुडालेल्या मुळांना प्राणवायू पोचतो. पण पाणी काही वर्षं खोलच राहिलं, तर मुळं गुदमरतात. त्यात मस्करॅट हा पाण्यात राहणारा, उंदरासारखा प्राणी घरासाठी देठ कुरतडून नेतो. दाट रानात मोकळ्या पाण्याची खिंडारं पडतात. अर्धं पाणी, अर्धं रान: बदकांची सर्वाधिक वस्ती याच टप्प्यात असते. पुढे रान पार संपतं आणि सगळी मदार पुन्हा एका कोरड्या सालावर येते.

1961 मध्ये सरोवरातून बाहेर पडणाऱ्या फेअरफर्ड नदीवर बंधारा झाला आणि पातळी जवळपास स्थिरावली. कोरडी सालं गेली, चक्र अडलं. संकरित पाणकणसाने मोठमोठे पट्टे एकजिनसी करून टाकले. शिवाय बाहेरून आणलेला कॉमन कार्प आलेलाच होता. आपल्याकडे धरणावरचे मच्छीमार ज्याला सायप्रिनस म्हणतात, तोच हा मासा. अन्नासाठी तो तळ उकरतो, पाणवनस्पती उपटतो, पाणी गढूळ करतो. ऊन तळापर्यंत पोचत नाही आणि उरलेली झाडंही मरतात.

2013 पासून सरोवर आणि पाणथळ जोडणाऱ्या वाटांवर गजांच्या जाळ्या आहेत. मोठे कार्प बाहेर अडतात, लहान मासे गजांमधून आत जातात. त्यामुळे पाणी निवळायला मदत होते. पण गाळातलं बी उगवायला पाणी ओसरावंच लागतं, आणि ते जाळीच्या हातात नाही.