हीथ स्ट्रीक प्रकरण: झिम्बाब्वेच्या चाहत्यांचा राग आणि त्याच्या मागची वीस वर्षं

14 एप्रिल 2021. आपल्याकडे त्या संध्याकाळी आठपासून कडक निर्बंध लागू होणार होते, वानखेडेवर आयपीएलच्या मॅचेस रिकाम्या स्टँडसमोर चालू होत्या, त्यामुळे त्या दिवशी आयसीसीने काय जाहीर केलं याकडे महाराष्ट्रात फार कोणाचं लक्ष गेलं नाही. बातमी अशी होती की झिम्बाब्वेचा माजी कॅप्टन आणि माजी कोच हीथ स्ट्रीक याच्यावर आठ वर्षांची बंदी. अँटी-करप्शनचे नियम मोडल्याचे पाच आरोप होते, आधी तो भांडला आणि शेवटी पाचही कबूल केले.

झिम्बाब्वेमध्ये मात्र लोक हादरले. शिव्या देणारे होते, रडणारे होते, आणि 'बोर्डाने पगार बुडवले तर माणूस दुसरं काय करणार' असं म्हणणारेही भरपूर होते. बाहेरच्यांना हे सगळं विचित्र वाटलं की एवढा उघड गुन्हा कबूल केलेल्या माणसाची बाजू कोण कशी घेऊ शकतं. पण तो माणूस त्या लोकांसाठी कोण होता आणि त्या देशाच्या क्रिकेटचं मधल्या काळात काय झालं हे माहीत नसेल तर ही रिअ‍ॅक्शन कळणारच नाही, म्हणून जरा मागे जाऊ.

स्ट्रीक बुलावायोचा. वडील डेनिससुद्धा झिम्बाब्वेकडून खेळलेले, घर शेती-गुरांचं, आणि हा गोरा मुलगा तिथल्या काळ्या लोकांची एनडेबेले भाषा घरच्यासारखी बोलायचा. ही भाषेची गोष्ट तिथले लोक आजही आवर्जून सांगतात, कारण त्या देशात गोरे-काळे हा विषय किती नाजूक होता (आणि आहे) हे त्यांनाच माहीत. डिसेंबर 1993 मध्ये कराचीत पहिली टेस्ट, पुढच्याच रावळपिंडीच्या टेस्टमध्ये आठ विकेट्स. पुढे 65 टेस्टमध्ये 216 आणि 189 वनडेत 239 विकेट्स. टेस्टमध्ये शंभर विकेट्स घेणारा झिम्बाब्वेचा पहिला बॉलर तोच. आकडे मॅग्रा-अक्रमच्या शेजारी ठेवले तर लहान वाटतील, पण दुसऱ्या बाजूने बॉलिंगला फारसं कोणी नसताना वर्षानुवर्षं एकट्याने ओढलेले आकडे आहेत हे.

आणि ती टीम आपल्याला चांगलीच आठवते. 1999 च्या वर्ल्डकपमध्ये लेस्टरला आपण त्यांच्याकडून 3 रनने हरलो, हेन्री ओलोंगाने शेवटच्या क्षणी एका ओव्हरमध्ये तीन विकेट्स काढल्या, आणि त्या मॅचला सचिन नव्हता कारण वडील गेले म्हणून तो मुंबईला परतला होता. नोव्हेंबर 2000 मध्ये नागपूरला अँडी फ्लॉवरने नाबाद 232 काढून आपल्याला टेस्ट जिंकू दिली नाही, तेव्हा कॅप्टन स्ट्रीकच. जून 2001 मध्ये हरारेत त्यांनी आपल्याला टेस्टमध्ये हरवलं तेव्हाही कॅप्टन तोच. म्हणजे तेव्हा झिम्बाब्वे म्हटलं की 'सोपी टीम' असं कोणी म्हणत नव्हतं.

मग सगळं घसरायला लागलं. मुगाबे सरकारने गोऱ्या शेतकऱ्यांच्या जमिनी जप्त करणं, देशातलं राजकारण, आणि त्यात क्रिकेट. 2003 च्या वर्ल्डकपला हरारेत नामिबियाविरुद्ध फ्लॉवर आणि ओलोंगा दंडाला काळी पट्टी बांधून उतरले, देशातल्या लोकशाहीचा मृत्यू झालाय म्हणून. स्पर्धा संपल्यावर दोघांचंही तिथलं क्रिकेट संपलं आणि ओलोंगाला तर देश सोडावा लागला. स्ट्रीक तेव्हा कॅप्टन होता आणि तो टीममध्येच राहिला. एप्रिल 2004 मध्ये त्याने निवड समितीवर बोट ठेवलं तर बोर्डाने कॅप्टनशिपच काढून घेतली, त्याच्या पाठोपाठ गोरे खेळाडू बाहेर पडले, एकूण पंधरा जण, आणि वीस वर्षांच्या ततेंदा तायबूच्या हातात उरलेली पोरं देऊन टीम टेस्ट खेळायला पाठवली. चांगली उभी राहिलेली टीम काही आठवड्यांत संपली. स्ट्रीक 2005 मध्ये परत आला, हरारेत भारताविरुद्ध शेवटची टेस्ट खेळला आणि त्यात 73 रनमध्ये 6 विकेट्स घेतल्या, त्याच्या करिअरमधली बेस्ट बॉलिंग. टेस्ट आपण आरामात जिंकली, तो रिटायर झाला, आणि थोड्याच दिवसांत झिम्बाब्वे टेस्ट क्रिकेटमधूनच बाहेर गेला तो थेट ऑगस्ट 2011 पर्यंत.

मधल्या वर्षांत त्या देशात महागाई इतकी वाढली की 2009 च्या सुरुवातीला शंभर ट्रिलियन डॉलरची नोट छापावी लागली. क्रिकेट बोर्ड कर्जात बुडालेलं, खेळाडूंचे पगार महिनोन्महिने थकलेले, चांगले खेळाडू इंग्लंडच्या काउंटी क्रिकेटकडे पळालेले. अशा वेळी ऑक्टोबर 2016 मध्ये स्ट्रीक हेड कोच म्हणून परत आला तेव्हा लोकांना वाटलं आपला माणूस आला. जुलै 2017 मध्ये ग्रॅमी क्रीमरच्या टीमने श्रीलंकेत जाऊन वनडे सिरीज 3-2 ने जिंकली, स्ट्रीक कोच. त्या देशाच्या क्रिकेटमध्ये कित्येक वर्षांनी आनंद करावा असं काहीतरी झालं होतं.

आणि आता नीट बघा, त्यानंतर लगेच काय झालं ते. आयसीसीच्या निकालपत्रात ज्याचं नाव न देता 'मिस्टर एक्स' म्हटलंय त्या माणसाने सप्टेंबर 2017 मध्ये स्ट्रीकला व्हॉट्सअ‍ॅपवर गाठलं. विषय काय, तर झिम्बाब्वेत एक टी-20 लीग काढू. त्याच बोलण्यात त्याने आपण क्रिकेटवर सट्टा लावतो हेही सांगितलं आणि बांगलादेश प्रीमियर लीगमधल्या कॅप्टन, मालक, खेळाडूंशी ओळख करून दे म्हणाला. स्ट्रीकने नाही म्हटलं नाही, उलट झिम्बाब्वेबाहेरच्या बँक खात्याचे डिटेल्स दिले. हे पुढे साधारण पंधरा महिने चाललं.

पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबर 2017 मध्ये, राजन नायर नावाच्या हरारेच्या एका क्रिकेट पदाधिकाऱ्याने कॅप्टन क्रीमरला वेस्ट इंडिजविरुद्धच्या सिरीजसाठी 30 हजार डॉलरची ऑफर दिली. क्रीमरने एक क्षणही न घालवता ती गोष्ट कोचला सांगितली, म्हणजे स्ट्रीकला, आणि ते प्रकरण आयसीसीपर्यंत गेलं. नायरवर मार्च 2018 मध्ये वीस वर्षांची बंदी आली. म्हणजे अँटी-करप्शनचे नियम काय आहेत, रिपोर्ट कसा करायचा, कोणाला करायचा हे सगळं स्ट्रीकला अगदी नीट माहीत होतं, आपल्या कॅप्टनची तक्रार तो वर पोहोचवत होता आणि त्याच दिवसांत त्याच्या स्वतःच्या फोनवर मिस्टर एक्सशी बोलणं चालू होतं. मला या सगळ्या प्रकरणात हाच भाग सगळ्यात जास्त लागतो. 'त्याला कळलं नसेल' हा बचाव इथे संपतो.

त्याने नेमकं दिलं काय? आतली माहिती. 2018 च्या जानेवारीतली बांगलादेशमधली तिरंगी मालिका, अफगाणिस्तानविरुद्धची सिरीज, आयपीएल 2018 (तेव्हा तो कोलकात्याचा बॉलिंग कोच होता), अफगाणिस्तान प्रीमियर लीग, या सगळ्यांचा उल्लेख निकालात आहे. शिवाय खेळाडूंशी ओळखी करून दिल्या, ज्यात एका देशाचा कॅप्टनही होता. बदल्यात दोन बिटकॉइन, तेव्हाच्या भावाने साधारण 35 हजार डॉलर, आणि बायकोसाठी एक आयफोन. आयसीसीने हेही स्पष्ट लिहिलं की यामुळे कुठल्याही मॅचच्या निकालावर परिणाम झाला नाही. बरेच लोक इथेच अडकतात की मग फिक्सिंग नाही तर एवढी शिक्षा का. अहो, सट्टेबाजाला दरवेळी मॅच विकत घ्यायची गरजच नसते, प्लेइंग इलेव्हन बाहेर फुटायच्या आधी कळली, मेन बॉलरचा खांदा दुखतोय हे कळलं, की भाव उघडतानाच तो बाकीच्यांच्या पुढे असतो. आणि एकदा माहिती दिली, पैसे घेतले की तुमचं नाक त्याच्या हातात, नंतर तो काय मागेल हे तुम्ही ठरवत नाही.

आता चाहत्यांकडे येऊ. हरारे स्पोर्ट्स क्लबला एक कोपरा आहे, कॅसल कॉर्नर म्हणतात त्याला. तिथले लोक टीम जिंको हरो, दिवसभर नाचत-गात असतात, एकाने गाणं उचललं की अख्खा कोपरा ते पुढे नेतो, आणि मॅच हातातून गेलेली असतानाही आवाज कमी होत नाही. 22 मार्च 2018 ला हे मैदान गच्च भरलं होतं. वर्ल्डकप क्वालिफायर, समोर यूएई, जिंकलं की 2019 च्या वर्ल्डकपची दारं उघडी. पाऊस आला, 40 ओव्हर्समध्ये 230 चं टार्गेट मिळालं, आणि झिम्बाब्वे 226 वर थांबला. तीन रनने हार. लोक मॅच संपल्यावरही उठत नव्हते. काही दिवसांत बोर्डाने स्ट्रीकसकट सगळा कोचिंग स्टाफ काढला आणि क्रीमरची कॅप्टनशिपही काढून घेतली. स्ट्रीक थकलेल्या पैशांसाठी बोर्डाविरुद्ध कोर्टात गेला. 2019 मध्ये सरकारी हस्तक्षेपाच्या कारणावरून आयसीसीने बोर्डालाच काही महिने सस्पेंड केलं.

हे सगळं डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला 2021 मध्ये बोर्ड जेव्हा स्ट्रीकचा कडक शब्दांत निषेध करतं तेव्हा काय वाटेल? 'तुम्ही कोण सांगणारे' हेच वाटणार. चाहत्यांच्या मनात स्ट्रीक आणि बोर्ड ही तराजूची दोन पारडी कायम समोरासमोर होती आणि बोर्डावरचा राग इतका जुना होता की स्ट्रीकच्या चुकीचा अर्धा भार त्यांनी आपोआप बोर्डावर टाकला. त्यात स्ट्रीकने आपण पूर्ण जबाबदारी घेतो पण मॅच फिक्सिंग कधीच केलं नाही असं निवेदन काढलं, त्यामुळे ज्यांना माफ करायचं होतं त्यांना आधार मिळाला. मला ते समजतं, पण पटत नाही. पगार थकलेला माणूस दुसरीकडे काम शोधतो, कोर्टात जातो, आणि स्ट्रीक कोर्टात गेलाही होता. शिवाय त्याला आयपीएलचं काम होतं. उपाशी पोराची गोष्ट नाहीये ही.

नऊ महिन्यांनी, जानेवारी 2022 मध्ये झिम्बाब्वेचाच आणखी एक माजी कॅप्टन ब्रेंडन टेलर याने स्वतःच जाहीर केलं की ऑक्टोबर 2019 मध्ये एका भारतीय व्यावसायिकाने स्पॉन्सरशिप आणि टी-20 लीगच्या नावाखाली भारतात बोलावलं, 15 हजार डॉलर देऊ केले, कोकेनचा व्हिडिओ काढून ब्लॅकमेल केलं, आणि त्याने आयसीसीला सांगायला चार महिने लावले. सहा महिने पगार नव्हता हेही त्याने सांगितलं. साडेतीन वर्षांची बंदी झाली. पुन्हा तीच नवीन लीगची बात, आणि यावेळी तर उघड उघड आपल्याच देशातून. आपण इथे बसून 'बिचारे झिम्बाब्वेवाले' म्हणतो, पण ज्या देशात बोर्ड पगार देत नाही तिथल्या खेळाडूला हेरून, पैसे दाखवून अडकवणारी माणसं आणि त्यामागचा सट्ट्याचा पैसा कुठून येतो हे मुंबईत क्रिकेट बघणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

टेलरबद्दल चाहते जास्त मऊ होते, कारण तो स्वतःहून बोलला. ऑगस्ट 2025 मध्ये बुलावायोला न्यूझीलंडविरुद्ध तो परत टेस्ट खेळला. स्ट्रीकला ती संधी मिळाली नाही. त्याची बंदी 28 मार्च 2029 ला संपणार होती. ऑगस्ट 2023 मध्ये तो गेल्याची खोटी बातमी जगभर पसरली, ओलोंगानेही ती शेअर केली आणि मग स्ट्रीकचा मेसेज आल्यावर थर्ड अंपायरने त्याला परत बोलावलंय असं लिहून दुरुस्त केली. पण 3 सप्टेंबरला तो खरंच गेला, कॅन्सरने, 49 व्या वर्षी. श्रद्धांजल्यांमध्ये 216 विकेट्स होत्या, बुलावायो होतं, एनडेबेले होती, बंदीचा उल्लेख बहुतेकांनी एका ओळीत उरकला किंवा केलाच नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे ठीकच आहे. मला फक्त एवढंच वाटतं की या सगळ्या वर्षांच्या चर्चेत क्रीमरचं नाव फार कमी वेळा येतं. त्याच ड्रेसिंग रूममध्ये, त्याच थकलेल्या पगारावर, 30 हजार डॉलर समोर आले आणि त्याने लगेच तक्रार केली.