रंजकांची जैवविघटन चाचणी

कापड, कातडे किंवा कागद रंगवण्यासाठी वापरलेला कृत्रिम रंजक (डाय) सांडपाण्यातून बाहेर पडला, तर पाण्यातले सूक्ष्मजीव त्याला खाऊन संपवतात का, आणि किती दिवसांत, हे तपासण्याची प्रयोगशाळेतील पद्धत. घाम, साबण आणि ऊन सोसूनही विटू नये अशा बेताने रंजकाचा रेणू घडवलेला असतो. कपड्यावर हवाहवासा वाटणारा हा चिवटपणा नदीत नडतो.

सर्वाधिक वापरल्या जातात त्या आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या (ओईसीडी) ‘३०१’ या मार्गदर्शिकेतल्या सहा पद्धती. त्यांचे सुधारित रूप १९९२ सालचे आहे. ढोबळ मांडणी अशी: खनिज क्षार घातलेल्या पाण्यात रंजक सोडायचा, त्याखेरीज कार्बनचा दुसरा कोणताही स्रोत ठेवायचा नाही, मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातला थोडा सक्रिय गाळ (जिवंत सूक्ष्मजीवांनी भरलेला गाळ) मिसळायचा (लिटरला फार तर ३० मिलिग्रॅम), आणि चंबू अंधारात साधारण २२ अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवायचे. विरघळलेला सेंद्रिय कार्बन (डीओसी) ७० टक्के घटला, किंवा शोषलेला ऑक्सिजन वा बाहेर पडलेला कार्बन डाय-ऑक्साइड हिशेबाने निघणाऱ्या आकड्याच्या ६० टक्क्यांवर गेला, तर पदार्थ ‘सहज विघटनक्षम’ ठरतो. मात्र विघटनाने १० टक्के ओलांडल्यापासून १० दिवसांत ही मजल गाठावी लागते; एका पद्धतीला तेवढी सूट आहे.

शेजारचे चंबूही तितकेच महत्त्वाचे. एकात नुसता गाळ. दुसऱ्यात सोडियम बेंझोएटसारखा हमखास खाल्ला जाणारा पदार्थ; तो १४ दिवसांत उत्तीर्ण झाला नाही तर गाळच मेलेला समजायचा आणि सगळा प्रयोग बाद. तिसऱ्यात रंजक आणि बेंझोएट एकत्र, म्हणजे रंजकच जीवाणूंना मारक आहे का ते कळते. चौथा निर्जंतुक, जीवाणूंवाचून होणारा बदल टिपण्यासाठी.

रंजकांच्या बाबतीत खरी फसगत होते ती डोळ्यांची. पाणी नितळ झाले की काम झाले असे वाटते. ॲसिड ऑरेंज ७ हा साधा ॲझो रंजक घ्या. नारिंगी रंग येतो तो दोन नायट्रोजन अणूंच्या दुहेरी बंधामुळे. ऑक्सिजन नसलेल्या बंद बाटलीत जीवाणू तो बंध तोडतात, रंग उडतो आणि मागे सल्फॅनिलिक आम्ल व १-ॲमिनो-२-नॅफ्थॉल उरतात. झाकण काढून बाटली हलवत राहिले की पाणी पुन्हा तपकिरी होऊ लागते, कारण दुसरा तुकडा हवेतल्या ऑक्सिजनने आपोआप ऑक्सिडीकृत होतो. डीओसी मोजला तर पहिल्या दिवशीचा कार्बन जवळपास तसाच सापडतो. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (रंगाची तीव्रता मोजणाऱ्या उपकरणावर) ‘९५ टक्के रंग गेला’ एवढेच दाखवणाऱ्या अहवालाला जैवविघटनाचा पुरावा मानता येत नाही; तरीही तसे सर्रास लिहिले जाते.

दुसरी फसगत गाळाची. बरेच रंजक खाल्ले जातच नाहीत, गाळाला नुसते चिकटतात. म्हणून भरपूर गाळ वापरणाऱ्या झान-वेलेन्स चाचणीत (ओईसीडी ३०२ बी) तीन तासांनी नमुना काढतात. तेवढ्यात झालेली घट सहसा चिकटण्याच्या खात्यावर जाते. अमेरिकेत १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सक्रिय गाळ प्रक्रियेतून १८ ॲझो रंजक सोडले होते. ११ जवळजवळ जसेच्या तसे बाहेर पडले, ४ गाळाला चिकटले आणि फक्त ३ विघटित झाल्याचे दिसले. त्या तिघांत ॲसिड ऑरेंज ७ होता; बंद बाटलीत नव्हे, हवा खेळवलेल्या गाळात.

मोजणीतही रंग आडवा येतोच. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन विंकलर पद्धतीने, म्हणजे रासायनिक अनुमापनाने, मोजताना स्टार्चचा निळा रंग नाहीसा होण्याचा क्षण पकडायचा असतो. गडद निळ्या रंजकाच्या पाण्यात तो दिसणार कसा? तिथे ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड वापरलेला बरा.

तुटून उरलेले तुकडे काय आहेत, हा प्रश्न आरोग्याचा आहे. काही ॲझो रंजकांतून बेंझिडीनसारखे कर्करोगजनक ॲरोमॅटिक अमाइन (बेंझिनसारखे वलय असलेली नायट्रोजनयुक्त संयुगे) सुटतात. भारताने अशा रंजकांवर १९९० च्या दशकात बंदी घातली. अमाइन ऑक्सिजनविना सहसा साठून राहतात आणि त्यांतले बरेच हवेशीर टाकीत पुढे विघटित होतात. म्हणून प्रक्रियेत आधी विनॉक्सी (ऑक्सिजनविना) आणि मग ऑक्सी (ऑक्सिजनसह) असा क्रम ठेवतात. सल्फोनेट गट असलेले अमाइन मात्र दुसऱ्या टाकीतही हटून बसू शकतात.

‘३०१’ मध्ये त्या रंजकाची आधीच सवय झालेला गाळ चालत नाही. इचलकरंजीच्या एखाद्या प्रोसेस हाऊसच्या (कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या) ईटीपीतला, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रातला, वर्षानुवर्षे रंगाच्याच पाण्यावर जगलेला गाळ इथे बाद. प्रत्यक्ष सांडपाणी साफ करायचे असेल तर मात्र पहिल्यांदा तोच हाताशी घ्यावा. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील संशोधकांनी जीवाणू आणि यीस्टबरोबर बागेतली झाडेही या कामी तपासली आहेत. सकाळी फुलून दुपारनंतर मिटणारे ऑफिसटाइम त्यांनी नेव्ही ब्लू एचई२आर या रंजकाच्या द्रावणात लावून पाहिले. रंग तर गेलाच, पण कोणते तुकडे उरले आणि ते किती विषारी आहेत, हेही तपासले.