बांधावरचा पुरावा: खाजणातला ऊद काय खातो?

गोव्यातल्या चोडण बेटावर, ओहोटी लागलेली असताना, भल्या पहाटे खाजणाच्या, म्हणजे भरतीचं खारं पाणी अडवून राखलेल्या सखल जमिनीच्या, बांधावरून चालत जा. मानशीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, दगडांवर, कुबट मासळीच्या वासाचा एक ओला, काळपट ढिगारा दिसेल. उन्हाने वाळायच्या आत जवळ जाऊन पाहिलं तर त्यात खवले चमकताना दिसतात, मधूनच खेकड्याच्या कवचाचा तांबूस तुकडा. रात्री इथे ऊद येऊन गेले.

ऊद म्हणजे पाणमांजर. उदमांजर हा वेगळाच प्राणी, झाडावर चढणारा आणि फळं खाणारा. गावात चौकशी करताना या दोन नावांची हमखास गल्लत होते. म्हणून आधी "पाण्यात पोहतो, कळपाने हिंडतो, तोच ना?" एवढं विचारून घ्यावं. खाजणातला ऊद मऊ, गुळगुळीत केसांचा, साधारण ७ ते ११ किलोचा. जगातून त्याची संख्या घटत चालली आहे. २०१९ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली.

प्राणी बहुधा रात्री किंवा झुंजुमुंजू असताना बाहेर पडतो, त्यामुळे गणती डोळ्यांनी होत नाही. चिखलात पाच बोटांचा ठसा आणि शेपटी घासत गेल्याची रेघ शोधायची, स्वयंचलित कॅमेरे लावायचे आणि विष्ठा गोळा करायची. ऊद ठरलेल्या जागीच विष्ठा टाकतात, वासातून एकमेकांना खबर देतात. पण ढिगारे मोजून ऊद मोजले असं मात्र होत नाही, कारण एकच ऊद एका रात्रीत अनेकदा तिथे येतो.

आहाराचा शोध तर फार चिकाटीचा. विष्ठा बारीक चाळणीत धुवायची, उरलेलं वाळवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक तुकडा ओळखीच्या माशांच्या हाडांशी, खवल्यांशी ताडून पाहायचा. माशाच्या कानातली चिमुकली खडीसुद्धा बोलते: तिच्या आकारावरून जात कळते, मापावरून मासा केवढा होता याचा अंदाज येतो. पण हा पुरावा अर्धवट असतो हे विसरून चालत नाही. खेकड्याचं कवच पचत नाही, त्यामुळे ते जास्त दिसतं. मोठ्या माशाचं नुसतं मांस खाल्लं तर मागे काहीच उरत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण मानशीवर जाळं लावणारा म्हणतो, ऊद माझी मासळी पळवतो. त्याचं नुकसान खरं असू शकतं, ते झटकून टाकणं मला पटत नाही. म्हणून विष्ठेतली मासळी आणि त्याच दिवसांत जाळ्यात आलेली मासळी शेजारीशेजारी ठेवून पाहायला हवी. नेमकी कुठली जात, केवढ्या मापाची, हे कळल्यावरच बोलणं पुढे सरकतं.

दोघांचंही पोट एकाच बांधावर आहे. मानशीची लाकडी दारं ओहोटीला आपोआप उघडतात, भरतीच्या रेट्याने मिटतात. त्यावरच आत खारेपणा सोसणारा कोरगूट भात पिकतो आणि मासळी पोसली जाते. बांध फुटला, फळ्या कुजल्या की खारं पाणी शेतात घुसतं. कोरड्या बाजूने बांधकामाचा भराव पुढे येत राहतो.

म्हणून ऊदाचा माग काढणाऱ्याने नोंदवहीत विष्ठेच्या जागेशेजारी बांधाची अवस्थाही लिहावी: इथे भगदाड, इथे फळी कुजलेली, इथे काल रात्री ट्रकभर माती ओतलेली.