तुकडे पडलेलं काम पुन्हा एका हातात

ॲनिमेशन आणि व्हीएफएक्सच्या (चित्रपटातल्या दृश्य-करामतींच्या) पदव्युत्तर वर्गात येणारा विद्यार्थी बहुधा सॉफ्टवेअर शिकूनच आलेला असतो. शोरील, म्हणजे आपल्या कामाचे निवडक तुकडे, मागितली तर तो लगेच दाखवतो. ‘तुझी स्वतःची प्रॅक्टिस कोणती?’, म्हणजे करता करता स्वतः निर्णय घेण्याची तुझी रीत कोणती, असं विचारलं की मात्र अडखळतो. त्यात त्याचा दोष नाही. हा प्रश्न कुणाला पडूच नये, अशाच पद्धतीने या धंद्यातलं काम शंभर वर्षं चालत आलं आहे.

1914 मध्ये विन्सर मॅके या व्यंगचित्रकाराने एका डायनोसॉर मादीचा छोटा चित्रपट केला. हजारो कागद लागले. प्रत्येक कागदावर प्राण्यासोबत मागचे खडक आणि तळंही नव्याने काढावं लागे. ते गिरवायला त्याने एक मदतनीस घेतला, पण प्राण्याची प्रत्येक हालचाल स्वतः काढली. तिचा श्वास किती लांब असावा, हे त्याने स्वतःचा श्वास मोजून ठरवलं. आज तो चित्रपट पाहताना मागच्या रेषा थरथरतात, आणि त्या थरथरीतून हात दिसतो.

त्याच वर्षाच्या अखेरीस अर्ल हर्ड या ॲनिमेटरने सेल्युलॉइडच्या पारदर्शक तावांच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला. पार्श्वभूमी एकदाच रंगवायची आणि हलणारा भाग तेवढा वर ठेवायचा. त्याने अफाट श्रम वाचले, आणि कामाचे तुकडेही पडले. एकाने मुख्य पोझ काढायच्या, दुसऱ्याने मधली चित्रं, तिसऱ्याने शाई, चौथ्याने रंग. याशिवाय पूर्ण लांबीचे चित्रपट निघाले नसते, हे मान्य. पण शाई करणाऱ्याला पात्र असं का वळतं हे विचारायचं कारणच उरलं नाही.

या चौकटीबाहेरही माणसं काम करत होती. लोटे रायनिगर कात्रीने सावल्या कापत होती, लेन लाय थेट फिल्मवर रंग लावत होता. ॲनिमेटर नॉर्मन मॅक्लॅरेन 1941 मध्ये कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात गेला आणि सरकारी पैशाने वर्षानुवर्षं प्रयोग करत राहिला.

वर्गाच्या दृष्टीने मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती ॲनिमेटर कॅरोलाइन लीफ. 1960 च्या दशकाच्या शेवटी हार्वर्डमधल्या ॲनिमेशनच्या वर्गात तिने काचेवर वाळू पसरली, खालून उजेड सोडला आणि बोटांनी आकार सरकवत एकेक फ्रेम टिपली. या पद्धतीत नवी फ्रेम करताना आधीचं चित्र मोडतं. चुकलं तर मागे जाता येत नाही. सामग्रीच तुमच्याकडून निर्णय करून घेते. ‘प्रॅक्टिस’ या शब्दाचा अर्थ मला इथे सर्वांत स्पष्ट दिसतो.

पुढे प्रॅक्टिसचा हा विचार अभ्यासक्रमाच्या कागदावर आला तो विद्यापीठांमुळे. डोनाल्ड शॉन या अभ्यासकाने 1983 मध्ये मांडलं की कुशल माणूस काम करता करताच विचार करत असतो. 1992 मध्ये ब्रिटनमधल्या पॉलिटेक्निकना विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि कला शिकवणाऱ्यांपुढे संशोधन म्हणजे काय हा प्रश्न उभा राहिला. पुढच्याच वर्षी कलाशिक्षणातले अभ्यासक ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी कलेविषयी, कलेद्वारे आणि कलेसाठी अशी संशोधनाची विभागणी केली. आज फिल्मसोबत जी प्रोसेस-वही, म्हणजे काम कसं घडत गेलं याची नोंदवही, द्यावी लागते, ती या वादातून आलेली आहे. विद्यार्थी ती शेवटच्या आठवड्यात भरून काढतात, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. फसलेली चाचणी त्याच दिवशी लिहून ठेवली नाही, तर पुढचा प्रयोग कशावरून सुचायचा?

व्हीएफएक्समध्ये गोष्ट अधिक अवघड आहे. रे हॅरीहाउझेनने 1963 च्या ‘जेसन अँड द आर्गोनॉट्स’ या चित्रपटातली सात सांगाड्यांची लढाई जवळजवळ एकट्याने, साडेचार महिने एकेक फ्रेम हलवत उभी केली. संगणक आल्यावर तेच काम मॅचमूव्ह (कॅमेऱ्याची हालचाल संगणकात जुळवणं), रोटो (चित्रातली आकृती फ्रेम-फ्रेमने कापून वेगळी करणं), लायटिंग, कंपोझिटिंग (सगळे थर एकत्र जोडणं) अशा विभागांत गेलं. शेकडो नावांच्या यादीतल्या रोटो कलाकाराने यातलं माझं काय म्हणावं?

म्हणून मला एकाच शॉटचा प्रकल्प आवडतो. विद्यार्थ्याने प्लेट (मूळ चित्रित दृश्य) स्वतः शूट करायची, ट्रॅक करायची, म्हणजे तिच्यातली हालचाल टिपायची, उजेड जुळवायचा आणि कंपोझिटिंगही स्वतःच करायचं. दोन सेकंदांचा शॉट असला तरी चालतो. सावली मऊ ठेवायची की कडक, हे तिथे त्याच्यासाठी दुसरं कुणी ठरवत नाही.