वर्गातले कृतिसंशोधन: तुलना गटाचा हट्ट आणि नाशिकचे वेळापत्रक

कृतिसंशोधन म्हणजे शिक्षकाने आपल्याच वर्गातली अडचण उपाय करून, पडताळून सोडवणे. त्यातले आखणी, कृती, पडताळणी आणि पुन्हा आखणी हे चक्र १९४६ साली अमेरिकेत अल्पसंख्याकांच्या प्रश्नांवर लिहिताना मांडले गेले. १९५३ पर्यंत ते तिथल्या शाळांत शिरले. आपल्याकडे खरा जोर आला तो १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर. जिल्हा पातळीवर प्रशिक्षण संस्था निघाल्या आणि कृतिसंशोधन त्यांच्या कामाचा भाग ठरले. १९८९ मध्ये नाशिकला मुक्त विद्यापीठ आले, नोकरी सांभाळून बी.एड. करणारे शिक्षक वाढले आणि कृतिसंशोधनाच्या अहवालाचा ठरीव साचा हातोहात फिरू लागला.

त्या साच्यातली सर्वांत वादाची गोष्ट म्हणजे तुलना गट, म्हणजे फरक मोजण्यासाठी उपायाविना ठेवलेली मुले. पीएच.डी.च्या सवयीने मार्गदर्शक तो मागतात. पेठ-सुरगाणा या नाशिकच्या डोंगरी तालुक्यांतल्या दोनशिक्षकी शाळेत तो आणायचा कुठून? शेजारच्या गावचा वर्ग घेतला तर शिक्षकही बदलतो, मग फरक उपक्रमाचा की शिक्षकाचा, हे सांगता येत नाही. शहरात दोन तुकड्या मिळतात, पण एका तुकडीला मुद्दाम उपायाविना ठेवणे वर्गशिक्षकाला शोभत नाही. तुलना गट सोडलेलाच बरा.

मात्र तो सोडला की दुसरी फट उघडते, आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. १० गुणांच्या एका चाचणीत ४ किंवा कमी गुण मिळालेली मुले निवडली, तर त्यांतल्या काहींचा तो दिवसच वाईट गेलेला असतो. उपाय न करताही पुढच्या चाचणीत त्यांचे गुण चढतात आणि अहवालात ते यश म्हणून मिरवतात. म्हणून आधी आठवड्याच्या अंतराने दोन चाचण्या घ्याव्यात. पहिलीवरून मुले निवडावीत, सुरुवातीची पातळी दुसरीवरून धरावी. आठ-दहा मुलांच्या सरासरीवर टी-मूल्य (सरासरीतला फरक योगायोगाचा आहे का, हे तपासणारा संख्याशास्त्रातला आकडा) काढण्यापेक्षा प्रत्येकाचे आधीचे-नंतरचे गुण शेजारी मांडलेले जास्त बोलतात.

चाचणीतली गणितेही पारखून घ्यावी लागतात. हातच्याच्या वजाबाकीत ५२ − २७ दिले, तर मोठ्या अंकातून लहान अंक वजा करणारे मूल ३५ लिहिते आणि दशक सुटा करून तो कमी करायला विसरणारेही ३५ च लिहिते. ५३ − २७ दिले की पहिल्याचे उत्तर ३४ येते, दुसऱ्याचे ३६. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे सोडवायला द्यायचे, दुसऱ्याला दशकाचा अंक खोडून नवा अंक वर लिहायची सवय लावायची. समस्या ‘मुले गणितात कच्ची’ अशी लिहिली, तर यातले काहीच हाती लागत नाही. शेवटच्या चाचणीत आकडे बदलावेत, चुकांचे प्रकार तेच ठेवावेत. जुनाच कागद दिला तर पाठांतर मोजले जाते.

२०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या नोंदी आल्या, २०१५ नंतर प्रगत शाळांचा आग्रह आला. माहिती वर्गातच साठू लागली, तरी कृतिसंशोधनासाठी वेगळी प्रपत्रे भरणे थांबलेले नाही.

कालावधीचा पेच इथला आहे. सहा आठवडे, रोज २० मिनिटे एवढे काम पुरते, पण डोंगरी पट्ट्यात जुलैत भाताच्या आवणीने हजेरी घटते. पुढे द्राक्षाची छाटणी लागली की कुटुंबे निफाड-दिंडोरीकडे उतरतात आणि शेवटच्या चाचणीला निवडलेली निम्मी मुले नसतात. त्यामुळे निवडीच्या दोन्ही चाचण्या ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात उरकाव्यात, उपाय सप्टेंबरअखेर संपवावा. जे मूल मध्येच गेले त्याचे नाव तक्त्यातून खोडू नये, त्याच्यापुढे किती दिवस हजर होते ते लिहावे.